नवशिक्यांसाठी संगणकाचा मेनू आखूड असावा आणि तो जागचा हलू नये

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका होते. सेवानिवृत्तीनंतर गावच्या सार्वजनिक वाचनालयातील दोन संगणकांवर बचत गटांतील महिलांना, तसेच बारावीनंतर घरी राहिलेल्या मुलींना संगणक शिकवण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. अर्ज लिहिणे, गटाच्या मासिक बैठकीचा वृत्तान्त तयार करणे, बचत, कर्ज आणि व्याज यांचा तक्ता मांडणे आणि हे सारे छापून काढणे, इतकाच आमचा अभ्यासक्रम आहे. हे शिकवताना जी अडचण वर्षानुवर्षे त्याच जागी उभी राहिलेली पाहिली, ती आपल्या दैनिकाद्वारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपर्यंत, त्याचे मराठीकरण करणाऱ्यांपर्यंत आणि शाळा व ग्रामपंचायतींसाठी संगणक घेणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचावी, अशी इच्छा आहे.

ही अडचण म्हणजे मेनू. टंकलेखन महिनाभराच्या सरावाने जमते, माउसची सवयही पंधरा दिवसांत होते. पण पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या पट्टीत आपल्याला हवे ते काम कोणत्या शब्दाखाली दडले आहे, हे चार-चार महिने कळत नाही. याला शिकणारीची बुद्धी किंवा वय कारणीभूत आहे, असे मला कधीही वाटले नाही. ज्या बाई वीस जणींचे हिशेब तोंडी ठेवतात आणि बँकेच्या शाखेत जाऊन कर्जाचा हप्ता चुकीचा लावला असल्याचे दाखवून देतात, त्यांना दहा ओळींचा मेनू अवघड वाटत असेल, तर त्या मेनूच्या मांडणीचाच विचार व्हायला हवा. माझी मागणी अशी आहे की, प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्यांसाठी एक आखूड मेनू मुळातच असावा, त्यातले शब्द लोकांच्या वापरातले असावेत, त्यातल्या ओळींची जागा कधीही बदलू नये आणि पूर्ण मेनू त्याच्याच शेजारी, उघड दिसेल असा असावा.

आमच्याकडे शिकायला येणारी प्रत्येक जण एक वही ठेवते. संगणकाची वही म्हणजे वाटा लिहून ठेवण्याची वही. ‘डावीकडे वर फाइल. त्यात वरून दहावी ओळ सेव्ह. त्याच्या खाली दोन ओळी सोडू नये, दुसरेच उघडते,’ अशा नोंदी त्यांनी स्वतःच्या अक्षरात केलेल्या असतात. इंग्रजी शब्द वाचता येत नसेल तर त्याचा आकार काढून ठेवतात किंवा ओळी मोजून आकडा लिहितात. या वह्या वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, नवशिक्या माणसाची आठवण शब्दावर कमी आणि जागेवर जास्त उभी असते. घरात अंधार असला तरी देवळीतली काडेपेटी हाताला लागते, तसेच हे आहे. जागा बदलली की सगळी वही निरुपयोगी होते. आमच्याकडे शिकलेल्या एका ताईंना एका कार्यालयात संगणकावरील कामाची चाचणी द्यायची होती. त्या वही घेऊन गेल्या. तेथील संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर होते, त्यात ‘फाइल’, ‘एडिट’ अशी ओळखीची पट्टी नव्हती, चित्रांच्या पेट्या होत्या. दहा मिनिटांत त्या परत आल्या. त्यांना अर्ज लिहिता येत होता, तक्ता करता येत होता, बेरजेचे सूत्र येत होते; कागद कोठून सुरू करायचा, एवढेच सापडले नाही. त्यांना ते काम मिळाले नाही, आणि त्यानंतर दोन महिने त्या वाचनालयाकडे फिरकल्या नाहीत. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तोच प्रसंग आहे.

आमच्या संगणकांवर लिबरऑफिस हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आहे आणि ते चांगले आहे, हे आधी सांगते. त्यातील लेखनाच्या भागात ‘फाइल’ हा मेनू उघडला की वीसहून अधिक ओळी खाली येतात. त्यांत नुसत्या ‘सेव्ह’च्या पाच: सेव्ह, सेव्ह रिमोट, सेव्ह अ‍ॅज, सेव्ह अ कॉपी आणि सेव्ह ऑल. छपाईच्या तीन ओळी आहेत, आणि दुसऱ्या रूपात फाइल बाहेर काढण्याच्या आणखी दोन. पहिल्या दिवशी शिकणाऱ्या बाईला यातली ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ अशा दोनच ओळी लागतात, पण त्या दोन शोधण्यासाठी उरलेल्या सगळ्या वाचाव्या लागतात, आणि त्या समजत नसल्यामुळे प्रत्येक ओळीपाशी थांबून ‘हे दाबले तर काय होईल’ असा विचार करावा लागतो. त्यातच छपाईची ओळ ‘फाइल’खाली का असावी, याचे सरळ उत्तर मला आजवर देता आलेले नाही. शिकणाऱ्या बहुतेक जणी ती ‘टूल्स’मध्ये शोधतात, कारण छपाईचे यंत्र हे त्यांच्या दृष्टीने एक साधन आहे, आणि मला त्यांचेच बरोबर वाटते.

सेव्ह करण्याचा प्रश्न आमच्या भागात अधिक गंभीर आहे, कारण वीज सांगून जात नाही. बॅटरीची सोय नसलेल्या संगणकावर तासभर बसून लिहिलेला वृत्तान्त वीज गेल्याबरोबर जातो. लिबरऑफिस काय किंवा मायक्रोसॉफ्टचे वर्ड काय, दोन्हींत दर 10 मिनिटांनी मजकूर आपोआप राखून ठेवण्याची सोय मुळातच असते, पण पुन्हा सुरू केल्यावर तो परत मिळवण्यासाठी जी खिडकी उघडते, तिच्यातील इंग्रजी प्रश्न वाचून घाबरलेली मुलगी ती खिडकी बंद करते आणि हाती असलेला मजकूर घालवून बसते. हा प्रश्न मराठीत आणि एका वाक्यात विचारला, ‘वीज गेली तेव्हा लिहीत असलेला कागद परत आणू का?’ असे, तर कोणाचेही काम वाया जाणार नाही.

मेनूत काही खुणाही असतात, ज्यांचा अर्थ सॉफ्टवेअर कोठेही सांगत नाही आणि बहुतेक प्रशिक्षण वर्गांतही सांगितला जात नाही. ओळीच्या शेवटी तीन टिंबे असतील तर ती ओळ दाबल्यावर काम लगेच होत नाही, आधी एक खिडकी उघडते आणि माघार घेण्याची संधी असते. ओळीच्या शेवटी छोटा बाण असेल तर तिच्या पोटात आणखी ओळी आहेत. ओळ फिक्की दिसत असेल तर ते काम या क्षणी करता येत नाही. यातली पहिली खूण मी आता पहिल्याच दिवशी शिकवते, कारण तीन टिंबांची ओळ दाबायला भ्यायचे नसते, हे कळल्यावर मेनूची निम्मी भीती जाते. फिक्क्या ओळींचे दुखणे मात्र वेगळे आहे. ‘बाई, हे कामून फिक्कं पडलं? मी बिघडवलं का?’ हा प्रश्न मला प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारतेच. मजकूर निवडलेला नसतो म्हणून ‘कॉपी’ फिक्के असते, इतकेच कारण असते, पण संगणक ते सांगत नाही. फिक्क्या ओळीवर माउसचा बाण नेल्यावर ‘आधी मजकूर निवडा’ एवढे शब्द उमटले, तर प्रश्न विचारायची वेळच येणार नाही. पोटमेनूबाबतही थोडे सांगायला हवे. शेतीकामाने निबर झालेल्या हातांना माउस सरळ आडवा नेणे जमत नाही, तो तिरका जातो, आणि तेवढ्यात उघडलेला पोटमेनू मिटतो. अशा वेळी पोटमेनू क्षणभर उघडा ठेवणे सॉफ्टवेअर करणाऱ्यांना सहज शक्य आहे, आणि काहींनी ते केलेलेही आहे.

आता शब्दांविषयी. येथे मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मेनू मराठी केला की काम झाले, असा समज सर्वत्र दिसतो. लिबरऑफिसचा मेनू मराठीत करता येतो, विंडोजही मराठीत मिळते. ज्या स्वयंसेवकांनी आणि भाषांतरकारांनी हे केले, त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु भाषांतरित मेनूंमध्ये सर्रास दिसणारे काही शब्द आमच्या वर्गात कसे वाचले जातात, हे त्यांनी एकदा येऊन पाहावे. ‘एडिट’ला ‘संपादन’ म्हणतात. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाला हा शब्द द्रुतगती मार्गासाठी आलेल्या भूसंपादनाच्या नोटिशीवरून माहीत आहे. संपादन म्हणजे जमीन जाणे. ‘कॅन्सल’साठी ‘रद्द करा’ लिहितात. आमच्याकडे रेशनकार्ड रद्द होते, नाव यादीतून रद्द होते, अर्ज रद्द होतो, आणि जे रद्द झाले ते परत मिळवायला तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतात. त्यामुळे कागद बंद करताना ‘जतन करा’, ‘जतन करू नका’ आणि ‘रद्द करा’ अशी तीन बटणे दिसली की, तिसऱ्या बटणाने लिहिलेले सगळे पुसले जाईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत निर्धोक बटण असते, कारण ते आहे तेथेच परत नेते. तेथे ‘मागे जा’ असे लिहिले तर शिकवायचे काही उरत नाही.

‘कॉपी’चे उदाहरण याहून बोलके आहे. कोठे ‘प्रतिलिपी’ तर कोठे ‘प्रत बनवा’ असे लिहिलेले आढळते. मूळ ‘कॉपी’ हा शब्द गावात माहीत आहे, पण तो परीक्षेतल्या कॉपीसाठी, आणि शाळेत शिकलेल्या मुलीला त्या शब्दाचा संकोच वाटतो. याउलट ‘नक्कल’ हा शब्द निजामाच्या काळापासून आमच्या दफ्तरांत रुळलेला आहे. सातबाऱ्याची नक्कल, फेरफाराची नक्कल, जन्माच्या दाखल्याची नक्कल. नक्कल म्हणजे मूळ कागद जागच्या जागी राहतो आणि त्याच्यासारखा दुसरा आपल्या हाती येतो, हे अक्षरशत्रू माणसालाही ठाऊक आहे. संगणकातील ‘कॉपी’ हुबेहूब हेच करते. ‘अनडू’साठी ‘पूर्ववत करा’ लिहिले जाते, जो शब्द वीजपुरवठा आणि वाहतूक यांच्या बातम्यांत असतो. ‘झालेले मागे घ्या’ असे म्हटले तर ते कोणालाही समजते. एकाच कामाला एका प्रणालीत ‘जतन करा’ आणि दुसरीत ‘साठवा’ म्हटले जाते, हाही त्रास आहेच. शब्द कोणता असावा यावर विद्वानांचे मतभेद असू शकतात, पण तो सर्व ठिकाणी एकच असावा, यावर मतभेद नसावा.

मी शुद्ध मराठीची आग्रही असूनही एक गोष्ट कबूल करते की, ‘सेव्ह’, ‘प्रिंट’, ‘फाइल’ आणि ‘मेनू’ हे शब्द आता मराठी झालेले आहेत. ते देवनागरीत जसेच्या तसे लिहावेत. मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी ‘नंबर सेव्ह केला’ हे वाक्य असते. जे शब्द इंग्रजीतही काही सांगत नाहीत, ते मात्र बदलायला हवेत. ‘इन्सर्ट’, ‘व्ह्यू’, ‘फॉरमॅट’, ‘टूल्स’ यांची ‘अंतर्भूत करा’, ‘दृश्य’, ‘स्वरूपण’, ‘साधने’ अशी शब्दाला शब्द भाषांतरे करून त्यांचा मुका स्वभाव बदलत नाही. ‘तक्ता किंवा चित्र घाला’, ‘अक्षर लहान-मोठे करा’ अशा, काम सांगणाऱ्या ओळी हव्यात.

हे शब्द मुळात असे का आहेत, याचा शोध घेतला तेव्हा त्यांची वंशावळ कळली. पडद्यावर टेबल, कागद, फाइल आणि फोल्डर दाखवण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकाने 1981 मध्ये बाजारात आणली. तो कचेरीत काम करणाऱ्यांसाठी बनवलेला होता. त्या लोकांच्या शेजारी फाइलींचे कपाट खरोखरच असे, त्यामुळे त्यांना ती चित्रे आपली वाटली. पुढे ऍपलच्या मॅकिन्टॉशने 1984 मध्ये आणि नंतर विंडोजने तीच कल्पना घरोघरी नेली. म्हणजे हा मेनू एका विशिष्ट देशातील विशिष्ट कचेरीच्या सवयींवर बेतलेला आहे. तो आमच्या शिकणाऱ्यांना परका वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो बदलणे हा कोणाचा अपमानही नाही.

नवशिक्यांसाठी आखूड मेनू ही मागणी माझ्या मनातून निघालेली असली, तरी ती नवी नाही. आयबीएम कंपनीतील जॉन कॅरोल आणि कॅरोलिन कॅरिथर्स या संशोधकांनी 1984 मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला होता. लहान मुलाच्या सायकलला मागे दोन जादा चाके लावतात, त्यांचेच नाव त्यांनी या पद्धतीला दिले. त्यांनी लेखनाच्या एका यंत्रातील अवघड कामे नवशिक्यांसाठी अडवून ठेवली. मेनूत ती दिसत, पण निवडली तर ‘ही सोय सध्या बंद आहे’ असा निरोप येई आणि शिकणारा भलत्या वाटेला जात नसे. अशा यंत्रावर शिकलेल्यांनी पहिले काम पूर्ण यंत्रावर शिकणाऱ्यांपेक्षा लवकर पुरे केले आणि चुकांत त्यांचा वेळ कमी गेला. या गोष्टीला चार दशके उलटली, आणि तरीही आज आमच्या वाचनालयातील मुलगी पहिल्याच दिवशी पाच प्रकारच्या ‘सेव्ह’समोर बसते.

मधल्या काळात मेनू आखूड करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आणि तो फसला, त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये मेनू उघडल्यावर आधी थोड्याच ओळी दिसत, आणि बाकीच्या खालच्या जोडबाणावर टिचकी मारल्यावर किंवा थोडे थांबल्यावर उलगडत. हेतू चांगला होता. पण कोणत्या ओळी दाखवायच्या, हे सॉफ्टवेअर वापरावरून स्वतःच ठरवत असे, त्यामुळे काल दिसलेली ओळ आज दिसेलच याची खात्री नसे. मी स्वतः शाळेच्या संगणकावर त्याच काळात शिकले आणि त्या मेनूने मला रडवले होते. पुढे ऑफिस 2007 मध्ये मेनूची ती पट्टीच गेली आणि आजची चित्रांची रुंद पट्टी आली. विंडोज 8 मध्ये 2012 साली ‘स्टार्ट’चे बटण काढून टाकण्यात आले, 2013 मध्ये बटण परत आणावे लागले आणि 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर तो मेनूही परत आला. विंडोज 11 मध्ये तो डाव्या कोपऱ्यातून मधोमध आला. विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारी दुरुस्तीची आणि सुरक्षेची सर्वसाधारण मदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यामुळे जुने संगणक बदलले जात आहेत, आणि जिथे जिथे ते बदलतील, तिथे पुन्हा कोणाची तरी वही निकामी होईल. जाणत्या माणसाला हा बदल दोन दिवसांचा त्रास वाटतो. जिने तीन महिने खपून अकरा वाटा पाठ केल्या, तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यावर आम्ही आमच्यापुरता एक उपाय केला. माझा एक माजी विद्यार्थी नांदेडला अभियांत्रिकी शिकतो. तो दिवाळीच्या सुट्टीत आला असता आम्ही दोघांनी लिबरऑफिसच्या ‘टूल्स’मधील ‘कस्टमाइझ’ ही सोय वापरून एक नवा मेनू तयार केला आणि तो पट्टीत सर्वांत डावीकडे आणून ठेवला. त्याला ‘रोजचे काम’ असे नाव दिले. त्यात अकराच ओळी आहेत: नवा कागद, जुना कागद उघडा, सेव्ह करा, दुसऱ्या नावाने सेव्ह करा, छापण्याआधी पाहा, प्रिंट काढा, अनडू, नक्कल घ्या, नक्कल इथे ठेवा, तक्ता घाला आणि अक्षर बदला. ‘फाइल’मधून घेतलेल्या ओळींचा क्रम मूळ मेनूतल्यासारखाच ठेवला. बाकीचे सगळे मेनू उजवीकडे जसेच्या तसे आहेत, काहीही काढलेले नाही. या कामाला आम्हाला एक दुपार लागली.

त्यानंतरच्या तुकडीत जो फरक पडला, तो मला प्रश्नांवरून कळला. पूर्वी सगळे प्रश्न ‘कुठं आहे’ असे असत. आता दुसऱ्याच आठवड्यात ‘व्याज दर महिन्याला वेगळं लावायचं तर सूत्र कसं लिहायचं’ असे प्रश्न येऊ लागले, म्हणजे बोलणे मेनूवरून कामावर आले. वह्यांत वाटांऐवजी हिशेबाच्या नोंदी दिसू लागल्या. एका मावशींनी अनडूची ओळ सापडल्यावर मुद्दाम चुका करून त्या मागे घेऊन पाहिल्या, आणि त्या दिवसापासून त्या बोट न थरथरता बटणे दाबतात. हेही खरे की, काही मुली त्या अकरा ओळींतच थांबल्या. पानांना क्रमांक घालायचा असतानाही उजवीकडे जाऊन शोधण्याऐवजी त्या मला हाक मारत राहिल्या, आणि तेव्हा मला त्यांना मुद्दाम पुढे ढकलावे लागले.

या मुद्द्यावर जाणकारांचा एक आक्षेप आहे आणि तो मी गंभीरपणे घेते. विंडोज 95 तयार होत असताना मायक्रोसॉफ्टमध्ये नवशिक्यांसाठी अगदी वेगळा पडदा करण्याचा विचार झाला होता, आणि तो सोडून देण्यात आला. नवशिक्याला कधी ना कधी त्या वेगळ्या पडद्याबाहेर जावे लागणार आणि तेव्हा शिकलेले विसरून पुन्हा नवे शिकावे लागणार, हे त्यामागचे एक कारण होते. त्याऐवजी त्यांनी ‘स्टार्ट’ असे स्पष्ट लिहिलेले एकच बटण दिले, आणि सुरुवात करण्यासाठी येथे टिचकी मारा, असे सांगणारा बाणही त्याच्याकडे सरकत येई. मला हे पटते. म्हणूनच मी वेगळे घर मागत नाही, त्याच घराचे पुढचे दार मागते. आखूड मेनूतील ओळ पूर्ण मेनूतही त्याच शब्दांत आणि त्याच क्रमाने असेल, आणि आखूड मेनूच्या तळाशी ‘आणखी’ अशी ओळ कायम दिसत राहील, तर विसरण्यासारखे काही राहत नाही. आम्ही केलेल्या मेनूत नेमकी ही ‘आणखी’ची ओळ करता आली नाही, आणि मुली अकरा ओळींत अडकण्याचे तेही एक कारण असावे. हे काम सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीच करायला हवे; वाचनालयातील निवृत्त शिक्षिकेच्या आणि सुट्टीवर आलेल्या विद्यार्थ्याच्या हातचे ते नाही.

सध्याच्या सॉफ्टवेअरमध्येही पुष्कळ काही करता येते, हे मात्र खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये वरच्या पट्टीवर आपल्याला हवी तेवढीच बटणे घेऊन वेगळा कप्पा करता येतो, आणि ती मांडणी एका फाइलमध्ये काढून दुसऱ्या संगणकावर जशीच्या तशी बसवता येते. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा मांडणी तयार केली, तर ती जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर नेता येईल, आणि एका गावात शिकलेली मुलगी दुसऱ्या गावात कामाला गेली तरी तिला तोच मेनू दिसेल. संगणक पुरवण्याच्या निविदेत स्मरणक्षमता किती आणि पडदा किती इंची, हे बारकाईने लिहिलेले असते. तेथेच, संगणक मराठी मेनू आणि नवशिक्यांची मांडणी बसवून द्यावा, अशी एक अट घालणे अवघड नाही. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. राज्यकारभार मराठीतून चालावा ही त्याची अपेक्षा ग्रामपंचायतीच्या कागदावर पुरी होते, पण तो कागद ज्या पडद्यावर तयार होतो, त्या पडद्यावर ती अजून पोहोचलेली नाही.

शब्दांच्या बाबतीत भाषा संचालनालयाने आणि स्वयंसेवी भाषांतरकारांनी एकत्र येऊन मेनूतील नेहमीचे शंभर-सव्वाशे शब्द निश्चित करावेत आणि ते निश्चित करण्यापूर्वी मराठवाडा, विदर्भ, कोकण, खानदेश येथील संगणक न शिकलेल्या माणसांसमोर ठेवून पाहावेत. कोणता शब्द आवडला, असे विचारू नये. शब्द दाखवून ‘हे दाबल्यावर काय होईल असे वाटते’ असे विचारावे. आमच्या वर्गात ही परीक्षा मी ‘रद्द करा’ आणि ‘मागे जा’ यांची घेतली आहे. पहिल्याला मिळालेले उत्तर वर लिहिलेच आहे. दुसऱ्याला प्रत्येकीने बरोबर उत्तर दिले.

आता सगळे मोबाइलवरच होते, मग संगणकाच्या मेनूची चिंता कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मोबाइलवर फॉर्म भरता येतो, पण गटाच्या बारा महिन्यांच्या हिशेबाचा तक्ता, ग्रामसभेचा ठराव किंवा शाळेचा निकाल मोबाइलवर तयार होत नाही. सेवा केंद्रात, पतसंस्थेत, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर जी कामे गावातील मुलींना मिळू शकतात, ती सगळी टेबलावरच्या संगणकावरची आहेत.

‘रोजचे काम’ या मेनूतील अकरा ओळी आणि तो तयार करण्याची रीत मी मराठीत एका पानावर लिहून ठेवली आहे. जिल्ह्यातील कोणत्याही वाचनालयाला, शाळेला किंवा गटाला ती हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी ती पाठवीन, आणि बसने जाता येण्याजोगे गाव असेल तर स्वतः येऊन मेनू बसवून देईन. ज्या ताईंची हकीकत वर सांगितली, त्या गेल्या महिन्यापासून पुन्हा वर्गाला येत आहेत, आणि चित्रांच्या पट्टीवरही याच अकरा ओळींची मांडणी करून देता येईल का, यावर आम्ही दोघी सध्या काम करीत आहोत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. जिंतूर, जि. परभणी